पानगळवाला येडू

न्हाव्याला शेंडी राखायला ठेवावं, तसं त्या मंगल कार्यालयाच्या मालकांनी येडूला बागेवर ठेवलं होतं. कारण झाडं जगवणं हा येडूचा धंदाच नव्हे. त्याचा जन्म गेला झाडं बोडकी करण्यात.

ज्यांनी डाळिंब फक्त वाटीत सोललेलं पाहिलंय, त्यांच्यासाठी सांगायला हवं. डाळिंबाच्या झाडाला माया केली तर ते नुसतं पाल्यानं माजतं. त्याला आधी उपाशी ठेवावं लागतं. महिना-दीड महिना पाणी तोडायचं, मग औषध मारून अंगावरची पानं पिवळी करायची, आणि झाडाला ‘आता आपण मेलोच’ असं वाटलं की हळूच पहिलं पाणी सोडायचं. जीव वाचल्याच्या आनंदात वेडं झाड नखशिखांत फुलतं. या छळाला आपल्याकडे बहार धरणं असं गोड नाव आहे.

या छळातला येडू हा नामांकित माणूस. सांगोल्यापासून माढ्यापर्यंत त्याला ‘पानगळवाला’ म्हणून बोलावणं यायचं. पाठीवर पंप, तोंडाला बायकोच्या जुन्या लुगड्याचा फडका, आणि चाल अशी की जावई मांडवात निघालाय. एक पान तोडायचा, उन्हात धरायचा, चावायचा, थुंकायचा आणि सांगायचा, “आज मारलं तर सातव्या दिवशी हळद, नवव्या दिवशी बोडकं.” आणि व्हायचंही तसंच. शेतकरी कडेला बसून वाट पाहायचा, आणि शेवटचं पान पडलं की येडूच्या डोक्याला टॉवेल बांधायचा. पिवळ्या पानांकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही. पिवळं म्हणजे अर्धवट काम.

आणि त्या अर्धवट कामापाशी उभी असायची बनाबाई, त्याची बायको. औषध त्याचं, पाणी तिचं. झाडाला हळद चढली की तिन्हीसांजेला जाऊन पाण्याचा कॉक सोडायचा, म्हणजे उरलीसुरली पानं भराभर झडतात, हे तिचं काम. पंचवीस वर्षं तिनं कॉक सोडला, पण टॉवेल काही तिच्या डोक्याला कुणी बांधला नाही. बिनबोभाट काम करणाऱ्या माणसांचं जे होतं तेच तिचं झालं होतं: सगळ्यांना वाटायचं, पाणी आपलं आपणच येतं.

पुढे बागांवर तेल्या रोग पडला, शेतकऱ्यांनी झाडं उपटून ऊस लावला, आणि उसाची पानं पाडायला कुणी येडूला बोलवेना. तेव्हा नवराबायको सोलापुरात आली आणि कुंभारीच्या वाटेवरच्या कार्यालयात टिकली. मागच्या अंगाला पाण्याच्या टाकीशेजारी पत्र्याची एक खोली मिळाली. खोली कसली, उभं राहिलं तर डोकं पत्र्याला आणि आडवं झालं तर पाय चुलीला. पण त्या खोलीच्या आत नळ होता. बनाबाईनं उभ्या जन्मात घरातला नळ पाहिला नव्हता. पहिले आठ दिवस ती उगाचच उठून तो सोडायची आणि बंद करायची. एकुलती लेक रुपाली माढ्याला दिलेली. तिच्या सासूची जीभ अशी, की तिथं पाहुणा म्हणून गेलेलं माणूसही चहा न घेता परततं. म्हणजे ही खोली गेली तर डोकं टेकायला दुसरी जागा नाही, एवढी गोष्ट स्वच्छ होती.

थोरले मालक गेले आणि कारभार विरेशकडे आला. विरेश तिशीतला, दाढी कोरलेली, दोन मोबाइल. त्याची आई काशम्मा दारातल्या खुर्चीत काठी धरून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याचं माप काढायची. तिच्या कन्नडात आणि मराठीत कुंपण नव्हतं, एकातून दुसऱ्यात मेंढरं खुशाल जायची.

दसऱ्याच्या आधी विरेशनं येडूला हाक मारली.

“येडूमामा, इकडं या बे. हे बघा.” त्यानं मोबाइल पुढे केला. त्यात परदेशातला कुठलासा बगीचा. झाडं लाल, झाडं पिवळी, झाडं नारिंगी, आणि खाली पानांचा हा थर. “तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला रविवार. आडत्यांच्या दानेश्वरीचं लग्न हाय. नवरा मुलगा तिकडं असतो. तिला अस्सं पाहिजे. पानगळीचा हंगाम.”

येडूनं फोटो लांब धरला, जवळ धरला. “तितं झाडलोट करत न्हाईत वाटतं,” तो म्हणाला. “केवडा कचरा हाय खाली.”

“कचऱ्याचं सोडा. झाडांचं बोला. पुण्याचा एक डेकोरेशनवाला प्लास्टिकची झाडं आणून लावतो म्हणतो. लावायची आणि वर्षभर ठेवायची. त्याची दोन माणसं इथंच राहतील, मागच्या खोलीत.”

येडूची मान वर झाली. “आन् आमी?”

“म्हणून तर तुम्हाला विचारलं की.” विरेश हसला. तो हसला की समोरच्यानं आपला खिसा चाचपावा. “तुम्ही जमवलं तर तुम्ही राहा. नाही जमलं तर लग्नानंतरच्या सोमवारी खोली मोकळी.”

“त्यात काय हाय, मालक? पानं पिवळी करनं म्हंजी माज्या डाव्या हाताचं काम.”

“अय्यो,” काशम्मा खुर्चीतून म्हणाली, “त्याचा उजवा हात कदी काम करताना बघितला का कुनी?”

दुसऱ्या दिवशी येडू नर्सरीत गेला. नर्सरीवाला जोतीराम त्याला ओळखून होता. त्यानं रंगीत पानांचे क्रोटन दाखवले, कोलियसच्या कुंड्या दाखवल्या, शेवंती, कोंबडा, झेंडू.

“ही लालपत्ती घे की,” जोतीराम म्हणाला.

“ही तर हिरवीगार हाय.”

“नाताळाला लाल होते.”

“मग तुज्याच लग्नाला ठेव,” असं म्हणून येडूनं क्रोटनची कुंडी उचलली, पान वळवून बघितलं, चावायला तोंडाशी नेलं आणि जोतीरामानं हाताला फटका दिला. “चावू नको बाबा, पोट बिघडंल. हे काय डाळिंब हाय व्हय?”

कुंड्यांना रंग होता, पण येडूच्या लेखी ते रंगवलेलं रूप. उगवल्यापासून तेच तोंड. फोटोतली झाडं तशी नव्हती, ती रंगाला आलेली होती. आणि रंगाला आणणं म्हणजे काय, हे त्याच्याशिवाय या सोलापुरात कुणाला कळणार? त्यानं चाळीस कुंड्या विरेशच्या नावावर कार्यालयात धाडल्या, पण खरं काम अंगणात उभ्या असलेल्या झाडांतच होतं.

आता इथं त्याची तारीफ करायलाच हवी, मग नंतर धुऊ. त्यानं अंगणातल्या प्रत्येक झाडाची एकेक फांदी निवडली, तिला चिंधी बांधली, आणि तेवढ्याच फांदीवर औषध मारलं. मग रोज सकाळी, दुकानदार ग्राहकाचं तोंड बघतो तसा, फांद्यांची तोंडं बघत फिरायला लागला. कडुनिंबानं दगा दिला, पानं हिरवीच गळाली. अशोक ढिम्म. चाफा दोन दिवस पिवळा होऊन कुजल्यासारखा काळवंडला, त्याला नावं ठेवून सोडून दिलं. सीताफळ मात्र लिंबासारखं पिवळं झालं. दाराजवळच्या दोन थोरल्या बदामांची फांदी तर अशी पेटली की काशम्मानं काठी टेकत जाऊन हात लावून पाहिला. तांबडी, जांभळट तांबडी, कडेला नारिंगी. बदाम एरवीही लाल होतो, पण तो माघात. येडूनं त्याला कार्तिकात गाठलं. आणि मांडवापर्यंतच्या वाटेवरची बारा डाळिंबं तर त्याच्या घरचीच. त्यांच्या काड्या त्यानंच खोचलेल्या. दोन बदाम, चार सीताफळं, बारा डाळिंबं. एवढी निवड पक्की करून त्यानं त्यांचं पाणी तोडलं.

“झाडं सुकल्यात की, मामा,” विरेश कुरकुरला.

“लग्नाआदी नवरी उपाशीच ऱ्हाती, मालक.”

लग्नाच्या आदल्या रविवारी येडूनं पंप पाठीवर घेतला. किती वर्षांनी! बनाबाईनं फडका बांधून दिला. गुरुवारी पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या. शुक्रवारी वाट उजळली. शनिवारी दुपारी जे काही दिसत होतं, त्याला शब्द नव्हते. कुंभारीकडे जाणाऱ्या मोटारसायकली थांबत होत्या. दाराशी दोन जळते बदाम, आत पिवळी वाट, आणि वाटेच्या दोन्ही कडांना जोतीरामाच्या कुंड्या. संध्याकाळी नवरीच्या बापाला घेऊन विरेश आला. आडतदार तोंड उघडं टाकून उभा राहिला.

“हे खरं हाय?”

“हात लावा की, मामा,” विरेश म्हणाला, जणू पानं त्यानंच रात्री बसून रंगवली होती. मग येडूकडे वळला. “येडूमामा, खोली तुमची. उद्या दारात उभं राहायचं, नवा सदरा घालून. लोक विचारतील, तुम्ही सांगायचं.”

येडूच्या आयुष्यात हे कधी घडलं नव्हतं. अर्ध्या कामाला कुणी ‘वा’ म्हणालं नव्हतं. तो खोलीत आला, बनाबाईला म्हणाला, “ऐकलंस का? खोली आपली,” आणि तिनं काही बोलायच्या आत शहराकडे निघाला. शुक्रवार पेठेत एक न्हावी मिशा काळ्या करून देतो असं त्यानं ऐकलं होतं. झाडांना पिवळं करणारा स्वतः काळा व्हायला गेला, हे त्यातलं मजेचं. वाटेत दोघातिघांना हाका मारून ‘उद्या या बघायला’ असं आमंत्रणही देऊन झालं.

इकडे बनाबाई झाडांपाशी उभी राहिली. तिन्हीसांज होत होती. बारा डाळिंबं हळदीसारखी पिवळी. झाडांनी जे भोगायचं ते भोगलं होतं. पंचवीस वर्षं या घटकेला तिच्या हातानं एकच काम केलेलं. आणि आज मन आनंदानं भरलेलं, नळ कायमचा आपला झालेला. तिनं कॉक सोडला. ‘प्या बायांनो,’ म्हणाली म्हणे. बदामांनाही तिनं पाइप लावला. सीताफळांना घागरीनं घातलं. उपाशी माणूस ताटावर तुटून पडावा तशी मुळं त्या पाण्यावर पडली असणार. ताणलेल्या झाडाला पाणी पोचलं की ते जुनं अंग टाकायची घाई करतं. हे तिला येडूपेक्षा जास्त ठाऊक होतं. फक्त यंदा ती घाई कुणाला नको होती, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? जो सांगायचा तो मिशा रंगवत बसला होता.

सकाळी फटफटलं, येडू काळ्या मिशा आरशात बघून बाहेर आला आणि जागीच बसला.

बारा डाळिंबं बोडकी. सीताफळं बोडकी. बदामांवर चार-चार पानं, टकल्याच्या कानामागच्या केसांसारखी. आणि खाली, दारापासून मांडवापर्यंत, घोट्याएवढा पिवळा-तांबडा थर.

येडूनं हात खाली नेला. माती ओली. त्याला सगळं कळलं. मागे वळून पाहिलं तर बनाबाई दारात उभी, हात तोंडावर.

“अवो, मला वाटलं...”

“वाटलं? तुला कवापासनं वाटायला लागलं?” तो दबल्या आवाजात खेकसला. “मालक यायच्या आत झाड. सगळं झाड. मागं निऊन पेटव. झाडावरची वाऱ्यानं गेली म्हनू. पर हा कचरा दिसला तर खलास.”

“न्हाई वो, ऱ्हाऊ द्या की. चांगलं दिसतंय.”

“लग्नाच्या दारात पाचोळा चांगला दिसतोय? झाड म्हन्तो ना!”

आणि बनाबाई झाडायला लागली. तिच्यासारखं झाडणं त्या तालुक्यात कुणाचं नाही. तासाभरात अंगण ताटासारखं लख्ख. येडूनं स्वतः टोपल्यानं वाहून, कुंपणामागे ढीग करून काडी लावली. ओल्या-सुक्या पानांचा धूर मांडवात शिरला आणि आचारी खोकत बाहेर आले.

साडेसातला गाडी आली. दानेश्वरी उतरली. नटलेली, दागिन्यांनी वाकलेली, मागे फोटोग्राफर. तिनं बागेकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

“पानं कुठायत?”

“ताई, वाऱ्यानं जरा...” येडू नव्या सदऱ्यात पुढे झाला. “झाडावरची वाऱ्यानं गेली.”

“झाडावरची जाऊ दे की. खाली पडलेली कुठायत? मला खालचीच पाहिजे होती! त्यावरनं चालायचं होतं मला. फोटोत दाखवलं होतं की सगळ्यांना!” तिचा आवाज चिरकला. “कुणी झाडली?”

 कुंपणामागून धूर येत होता, तोच काय तो बोलला.

“येन इदु, विरेशा?” काशम्मा खुर्चीतून म्हणाली. “काय चाललंय हे? लग्न हाय का सरण पेटवलंय?”

विरेशचा चेहरा येडूनं पाहिला. खोली गेली, हे त्या चेहऱ्यावर ठळक लिहिलेलं होतं. अशा वेळी माणूस जे करू नये तेच करतो. येडूनं बोट उचललं आणि भर अंगणात, नवरीच्या गणगोतासमोर, बायकोकडे दाखवलं.

“हिनं केलं, मालक! काल पानी सोडलं हिनं, मला न इचारता. आन् झाडलं बी हिनंच. ही बघा, खराटा अजून हातात हाय. मी माजं काम चोख केलंतं. अडानी बाई, तिला काय कळतंय?”

बनाबाईच्या हातात खराटा होताच. तिनं तो भिंतीला टेकून ठेवला. 

“कोण बरोबर, कोण चूक, ते नंतर,” विरेश दात आवळून म्हणाला. “ती शिडी आणा. येडूमामा, चढा बदामावर.”

“वर कशाला, मालक?”

“पानगळ पाहिजे ना? तुम्हीच पानगळ. त्या कुंड्यांची पानं ओरबाडा, टोपल्यात भरा, आणि वरनं टाका.”

चाळीस कुंड्यांची पानं ओरबाडून निघाली. क्रोटन, कोलियस, शेवंतीच्या पाकळ्यासुद्धा. येडू नव्या सदऱ्यात बदामाच्या बेचक्यात बसला, मांडीवर टोपलं. खालून दानेश्वरी आणि नवरा मुलगा हातात हात घालून चालले, आणि येडू मूठमूठ पानं सोडू लागला.

“काका, एवढा गोळा नको!” फोटोग्राफर ओरडला. “एकेक. नैसर्गिक वाटलं पाहिजे. आणि तुमचा पाय आत घ्या, फ्रेममध्ये येतोय.”

“घ्या की पाय आत, शरद ऋतू!” वऱ्हाडातला कुणी बोलला आणि सगळी मंडळी खिदळली. मग काय, ज्याच्या-त्याच्या हातात मोबाइल. ऊन चढलं तसा घाम आला, घाम आला तशा मिशा पाघळल्या. ओठांवरून हनुवटीपर्यंत काळे ओघळ. खाली बनाबाई पडलेली पानं गोळा करून पुन्हा टोपल्यात भरत होती, कारण फोटोग्राफरला सात वेळा पानगळ हवी होती. टोपलं वर देताना तिनं नवऱ्याकडे बघितलं नाही. येडूनं दोनदा “अगं,” म्हटलं. 

अक्षता पडल्या, जेवणं उठली, आणि येडूला खाली उतरायला सांगायचं सगळे विसरले. कुणी म्हणतात, त्याला मुद्दाम वर ठेवला. तो आपला आपणच उतरला, चुळा भरून आला, तेव्हा विरेश खोलीच्या दारात उभा होता, शेजारी काशम्मा.

“मामा, उद्या पुण्याची माणसं येणारेत. तुमचं सामान काढा.”

“मालक, मी सांगितलं की, ती चूक हिची...”

“हां, ते ऐकलं सगळ्यांनी.” विरेशनं बनाबाईकडे पाहिलं. “आजीबाई झाडते मात्र चांगलं. प्लास्टिकच्या झाडांवर धूळ लई बसते म्हणे. रोज पुसायला कुणीतरी लागेलच.”

काशम्मानं काठी आपटली. “तिला ठेव. ती माणसं तिकडं गोदामात झोपतील. बाई खोलीत ऱ्हाईल.”

“आन् मी?” येडू म्हणाला.

विरेशनं मोबाइलात डोकं घातलं. आता बोलायचं कुणी, हे सगळ्यांना कळत होतं. येडूनं बायकोकडे पाहिलं. त्याला खात्री होती. पंचवीस वर्षं ती त्याच्या मागनं पाणी सोडत चाललेली, आता काय थांबणार?

“चल, बांध बोचकं,” तो म्हणाला. “रुपालीकडं जाऊ.”

बनाबाई आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, मग नळाचा. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एकच बोचकं होतं, आणि ते तिनं त्याच्या पायाशी ठेवलं.

“तुमची धोतरं हायत. भाकऱ्या बी हायत दोन.”

“आन् तुजं?”

“मी ऱ्हाते हितं.”

“येडी झालीस का? एकली?”

“अडानी बाई हाय मी,” बनाबाई म्हणाली. “मला काय कळतंय?”

काशम्मा अशी हसली की तिला ठसका लागला आणि विरेशनं पाणी आणून दिलं.

येडू दीड महिना माढ्याला लेकीकडे राहिला. त्याला तिथं काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते रुपालीची सासू स्वतःच बाजारात सांगते, आपण वेगळं सांगायला नको. डिसेंबर सरता सरता तो एका सकाळी कार्यालयाच्या फाटकाशी उभा राहिला. दारातल्या बदामांना प्लास्टिकच्या लाल फांद्या तारेनं बांधलेल्या होत्या, आणि बनाबाई शिडीवर चढून ओल्या फडक्यानं एकेक पान पुसत होती. आतल्या बारा डाळिंबांना मात्र पुसायची गरज नव्हती. ती बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लाल कळ्यांनी लगडलेली. दुसरं पाणी, तिसरं पाणी, सगळं वेळच्या वेळी मिळालेलं दिसत होतं. विरेश पाहुण्यांना ती झाडं दाखवत होता आणि म्हणत होता, “आमच्या बाईच्या हाताला गुण हाय.”

येडूनं हाक मारली. बनाबाई उतरून आली. फाटक तिनं उघडलं नाही, पण आत जाऊन चहा आणला, आणि सळ्यांमधून कप बाहेर दिला.

“आत घे की,” येडू म्हणाला. मिशा पुन्हा पांढऱ्या झाल्या होत्या.

“इचारावं लागंल मालकांना.”

“मग इचार.”

तिनं मागे वळून पाहिलं. विरेश अजून पाहुण्यांशी बोलत होता. येडूनं चहा संपवेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. मग सळ्यांमधून हात बाहेर काढला.

“कप द्या,” म्हणाली. “कार्यालयाचा हाय.”